अमली पदार्थविरोधी कायदा : धाक कोणाला, शिक्षा कोणाला?

सन १९८५ च्या १४ नोव्हेंबरला देशात एक कायदा अमलात आला. ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ हे त्याचे पूर्ण नाव. ते इतके लांब आहे की पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सारेच त्याला ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनी ओळखतात. ऑगस्टमध्ये विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि १६ सप्टेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. इतक्या दूरगामी कायद्याच्या मानाने हा प्रवास फारच वेगाने झाला. तोवर लागू असलेल्या १९३० च्या कायद्यात अधिकाधिक शिक्षा तीन वर्षांची होती. नव्या कायद्याने ती किमान दहा आणि कमाल वीस वर्षांवर नेली. आंतरराष्ट्रीय तस्करांच्या टोळ्यांना जरब बसावी, हा त्यामागचा घोषित हेतू होता.

कायद्याला चार दशके उलटली आहेत. या काळात तस्करीही वाढली आणि कायद्याची कठोरताही वाढली. मात्र ही कठोरता प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला आली, हे तपासले तर तस्करांच्या म्होरक्यांपेक्षा वेगळीच माणसे समोर येतात. चिमूटभर गांजा किंवा गर्द बाळगणारा व्यसनी, खटला उभा राहण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे तुरुंगात असलेला कच्चा कैदी आणि व्यसनाशी काडीचाही संबंध नसलेला कर्करोगाचा रुग्ण. यातील तिसऱ्याची कथा सर्वात कमी सांगितली गेली आहे.

सरकारच विक्रेते

नशेचे पदार्थ म्हणजे गुन्हा, हे समीकरण या भूमीत जुने नाही. एकोणिसाव्या शतकात अफूचा सर्वात मोठा व्यापारी खुद्द ब्रिटिश सरकार होते. बंगाल आणि बिहारमधील अफूची मक्तेदारी कंपनी सरकारकडे होती, तर माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला रवाना होत असे. मुंबईच्या अनेक व्यापारी पेढ्यांची भरभराट त्याच व्यापारावर झाली. त्या काळी कायदे झाले तेही महसूल बुडू नये म्हणून, व्यसन सुटावे म्हणून नव्हे.

गांजा आणि भांगेचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमण्यात आले. सात सदस्यांच्या या आयोगात तीन हिंदी सदस्य होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. माफक सेवनाने फारसे दुष्परिणाम होत नाहीत, अतिसेवन मात्र घातक असते, संपूर्ण बंदी घालणे गरजेचेही नाही आणि शहाणपणाचेही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. बंदी घातल्यास लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, हा इशाराही त्यात होता. एका वसाहतवादी सरकारच्या, महसुलात स्वारस्य असलेल्या आयोगाचा अहवाल म्हणून तो बेताने वाचला पाहिजे, हे खरे. तरीही या विषयावर एवढ्या विस्ताराने साक्षी नोंदवण्याचे कष्ट नंतर क्वचितच कोणी घेतले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. घटनेच्या कलम ४७ ने औषधी वापर वगळता मादक पेये व द्रव्ये यांच्यावर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले. अफूचा औषधाव्यतिरिक्त वापर दहा वर्षांत संपवण्याचा निर्णय १९४९ मध्ये झाला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने सही केली. या करारातील गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांवाचूनची पाने वगळलेली आहेत. आपल्या कायद्यानेही तीच व्याख्या स्वीकारली. होळी आणि महाशिवरात्रीची भांग एनडीपीएसच्या कचाट्यातून सुटली ती यामुळे. महाराष्ट्रात भांगेवर नियंत्रण आहे, पण ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. म्हणजे एकाच झाडाचे पान एका कायद्यात आणि शेंडा दुसऱ्या कायद्यात! या करारानुसार गांजाचा पारंपरिक वापर थांबवण्यासाठी मिळालेली पंचवीस वर्षांची मुदत संपत येत असतानाच १९८५ चा कायदा झाला, हा निव्वळ योगायोग नव्हता.

पुराव्याचा भार आरोपीवर

सामान्य फौजदारी कायद्यात गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानतात. एनडीपीएसमध्ये हा क्रम बराचसा उलटा आहे. कलम ३५ आणि ५४ नुसार, पदार्थ आरोपीच्या ताब्यात सापडला की त्यामागे गुन्हेगारी हेतू होता असे न्यायालय गृहीत धरते. तो नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची असते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनात्मक ठरवल्या. मात्र पदार्थ खरोखर ताब्यात होता, ही मूळ वस्तुस्थिती आधी सरकारी पक्षाने सिद्ध केली पाहिजे, असेही बजावले.

जामिनाचे कलम ३७ हे या कायद्याचे सर्वात धारदार हत्यार. १९८९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ते आजच्या कठोर रूपात आले. व्यावसायिक प्रमाणातील साठ्याच्या प्रकरणात, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि तो जामिनावर असताना पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच जामीन मिळतो. खटला सुरू होण्यापूर्वीच आपण निर्दोष आहोत असे न्यायाधीशांना पटवून द्यायचे, ही अट पार करणे किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको. त्यात अशा प्रकरणांत आरोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदत आहे आणि ती एक वर्षापर्यंत वाढवता येते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला असे सांगावे लागले की, किमान दहा वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात ज्या कच्च्या कैद्याने पाच वर्षे तुरुंगात काढली आहेत, त्याला जामिनावर सोडावे. दिलासा देणारा निकाल म्हणून तो आजही उद्धृत होतो. पण पाच वर्षे खटल्याविना काढल्यावर मिळणाऱ्या दिलाशाला दिलासा म्हणायचे काय, हा प्रश्न उरतोच. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने खटल्यातील अवाजवी विलंब हे कलम ३७ असतानाही जामिनाचे कारण होऊ शकते, असे स्पष्ट केले.

मुंबईकरांना याची झलक ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसली. एका क्रूझवरील छाप्यानंतर प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाला अटक झाली. त्याच्याजवळ पदार्थ सापडलेला नसतानाही जामिनावर बाहेर येईपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटला. मे २०२२ मध्ये तपास यंत्रणेने त्याच्यावर आरोपपत्र न ठेवता त्याला दोषमुक्त केले. त्याच्या बाजूने देशातील नामवंत वकील उभे होते. ज्याला विधी सेवेच्या वकिलावर अवलंबून राहावे लागते, त्याचा हिशेब आठवड्यांत होत नाही.

कायद्यात आरोपीच्या बाजूचीही काही कलमे आहेत आणि न्यायालयांनी ती वेळोवेळी धारदार केली आहेत. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी, हा आरोपीचा हक्क कलम ५० मध्ये आहे. तो हक्क त्याला सांगितलाच पाहिजे, असे घटनापीठांनी १९९९ आणि २०१० मध्ये ठरवले. तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये दोन विरुद्ध एक मताने लागला. तोवर पस्तीस वर्षे अशा जबाबांवर लोकांना शिक्षा होत होत्या. निष्कारण झडती वा अटक करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ खाली शिक्षा आहे खरी. मात्र ती अधिकाधिक सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, एवढीच.

फाशीच्या शिक्षेचा प्रश्न तर मुंबईतच निकाली निघाला. १९८९ च्याच दुरुस्तीने ठरावीक मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास फाशी सक्तीची केली होती. न्यायाधीशांच्या हाती दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती जगण्याच्या हक्काशी विसंगत ठरवली आणि फाशी ऐच्छिक केली. पुढे २०१४ च्या दुरुस्तीने पर्यायी शिक्षा म्हणून तीस वर्षांपर्यंतची कैद कायद्यातच आणली.

ग्रॅमचे गणित

२००१ पर्यंत या कायद्यात प्रमाणानुसार शिक्षेची उतरंड जवळपास नव्हतीच. त्या वर्षी २ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘अल्प’, ‘व्यावसायिक’ आणि या दोन्हींच्या मधले, असे तीन टप्पे केले. गांजासाठी अल्प प्रमाण एक किलो आणि व्यावसायिक वीस किलो. चरससाठी १०० ग्रॅम आणि एक किलो. हेरॉईनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. अल्प साठ्यास आता एक वर्षापर्यंत, मधल्या साठ्यास दहा वर्षांपर्यंत आणि व्यावसायिक साठ्यास किमान दहा वर्षे कैद आहे.

सुधारणा मोठी होती, पण तिला एक फाटा फुटला. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गर्दमध्ये शुद्ध हेरॉईन थोडे आणि भेसळ फार असते. मग वजन कशाचे धरायचे? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंशाचे धरा असे सांगितले. एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवून संपूर्ण मिश्रणाचे वजन ग्राह्य ठरवले. ३०० ग्रॅम पुडीत शुद्ध हेरॉईन ५ टक्के असेल तर ते १५ ग्रॅम भरते. जुन्या निकालानुसार आरोपी मधल्या टप्प्यात येई. आता तो व्यावसायिक तस्कर ठरतो आणि त्याला किमान दहा वर्षे चुकत नाहीत. म्हणजे भेसळ जितकी जास्त, तितका गुन्हा मोठा.

दुसऱ्या टोकाला सेवनाचे कलम २७ आहे. हेरॉईन, कोकेन किंवा मॉर्फिनच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत आणि इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये देशात या कायद्याखाली सुमारे ५९ हजार ८०० गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी ३३ हजारांहून अधिक स्वतःच्या सेवनासाठी पदार्थ बाळगल्याचे होते. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ मधील दहा हजारांहून अधिक प्रकरणे ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने तपासली, तेव्हा सुमारे ८७ टक्के प्रकरणे गांजाची निघाली आणि त्यांतील जवळपास सगळीच वैयक्तिक सेवनाची. आरोपींत रस्त्यावर वा झोपडपट्टीत राहणारे, रोजंदारीवर काम करणारे मोठ्या संख्येने होते. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि सुटायचे, हा तेथील परिपाठ. बंद दिवाणखान्यात ओढणारा पोलिसांच्या नजरेस पडत नाही, पुलाखाली ओढणारा पडतो, एवढे साधे हे समाजशास्त्र आहे. दंड भरून सुटलेल्याच्या नावावर गुन्ह्याची नोंद मात्र कायमची राहते आणि नोकरीसाठी चारित्र्य प्रमाणपत्र मागितले की ती पुढे येते.

सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. एकाच खेपेत एवढा माल येऊ शकतो, यावरून छोट्या पुड्यांच्या हजारो खटल्यांनी पुरवठ्याला कितपत धक्का बसला असेल याची कल्पना यावी.

अठरा किलो

या कायद्याचा सर्वात मोठा आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसलेला फटका बसला तो वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांना. अफूपासून बनणारे मॉर्फिन हे कर्करोगाच्या तीव्र वेदनांवरील खात्रीचे आणि स्वस्त औषध. भारत हा औषधी अफू अधिकृतपणे पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मंदसौर, नीमच, चित्तोडगड, बाराबंकी येथील शेतकरी सरकारी परवान्याने ती पिकवतात. गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि परदेशी औषध उद्योगालाही ती पुरवली जाते. अशा देशात मॉर्फिनचा औषधी वापर १९८५ नंतर घसरत घसरत १९९७ मध्ये वर्षाला अवघ्या १८ किलोंवर आला. ही घट सुमारे ९७ टक्क्यांची होती.

कारण कायद्याने मॉर्फिनवर बंदी घातली होती असे नव्हे. वैद्यकीय वापराला मुभा होतीच. पण नियम करण्याचे अधिकार राज्यांकडे होते आणि प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. रुग्णालयाला औषध बाळगण्याचा परवाना, दुसऱ्या राज्यातून आणण्याचा परवाना, वाहतुकीचा परवाना असे अनेक कागद लागत. ते उत्पादन शुल्क खात्यासह वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळत आणि सारे एकाच वेळी मुदतीत असणे आवश्यक असे. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. शिवाय नोंदवहीत चूक झाली तर दहा वर्षांच्या शिक्षेचा कायदा डोक्यावर. औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, डॉक्टरांनी लिहून देणे सोडले. याहून वाईट म्हणजे, या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने मॉर्फिनची गोळी कधी हाताळलीच नाही. मोठ्या शहरातील कर्करोग रुग्णालयात ती मिळे. तेथे उपचार संपवून गावी परतलेल्या रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळत नसे. आयुष्याचे अखेरचे महिने त्याने कसे काढले, याची नोंद कोणत्याही गुन्हे अहवालात नाही.

केरळमधील भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा दीर्घ पाठपुरावा केला. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करण्यास सांगितले, पण अनेक राज्यांनी ते मनावर घेतले नाही. २००७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर पंधराव्या लोकसभेच्या शेवटच्या अधिवेशनात, फेब्रुवारी २०१४ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधिद्रव्ये’ म्हणून अधिसूचित झाली. त्यांचे नियम केंद्राकडे आले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक परवान्यांऐवजी एकाच यंत्रणेची मान्यता पुरेशी झाली. परंतु एकोणतीस वर्षांत रुजलेली भीती अधिसूचनेने जात नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत, वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अशा औषधांच्या गरजेच्या जेमतेम ४ टक्के पुरवठा भारतात होत असल्याचे आढळले.

व्यसनी की गुन्हेगार?

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली, तेव्हा घराघरांत तरुण मुले त्याच्या आहारी गेली. त्यावर अनिल अवचट यांनी लिहिलेल्या ‘गर्द’ या पुस्तकाने मराठी वाचकाला हे जग प्रथम जवळून दाखवले. त्यातूनच २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा आधार होता. कायदा अमलात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. व्यसनी माणसाकडे आरोपी म्हणून पाहायचे की रुग्ण म्हणून, याची दोन वेगळी उत्तरे महाराष्ट्राने एकाच सुमारास पाहिली.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आणि सुईने नशा करणाऱ्यांची सुमारे साडेआठ लाख आहे. या दुसऱ्या गटात एचआयव्हीचे प्रमाण २०१७ च्या सरकारी पाहणीत सहा टक्क्यांच्या वर होते. सर्वसाधारण प्रौढांत ते पाव टक्क्याहूनही कमी. म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना या लोकांना स्वच्छ सुया आणि हेरॉईनऐवजी ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध पुरवते. म्हणजे शासनाचा एक विभाग ज्याला सुई देतो, त्यालाच दुसरा विभाग कलम २७ खाली पकडू शकतो. अटकेच्या भीतीने माणूस केंद्राकडे फिरकत नाही, ही या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे.

दुसरी बाजूही आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. मेफेड्रोन, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवरचे ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’, फेब्रुवारी २०१५ पर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हते. तोवर ते विकणाऱ्यावर या कायद्याखाली कारवाई करता येत नसे आणि महाविद्यालयांभोवती त्याचा सुळसुळाट झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत त्याचा शेकडो किलोंचा साठा सापडला. ज्या घरातील भांडीकुंडी व्यसनापायी विकली गेली, त्या घरातील आई वा पत्नी विक्रेत्याला दया दाखवा असे म्हणणार नाही. प्रश्न विक्रेत्याचा नाहीच. तिच्या मुलाला वा नवऱ्याला कोठडीत टाकून काय साधते, हा आहे.

पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवस पुरेल इतका पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. पदार्थ कायदेशीर झाले नाहीत. पकडलेला माणूस न्यायालयाऐवजी वैद्यकीय व सामाजिक तज्ज्ञांच्या समितीपुढे जातो. उपचारांवरचा खर्चही सोबत वाढवल्याने एचआयव्हीची नवी लागण तेथे लक्षणीय घटली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये तसाच प्रयोग केला, पण उपचारांची व्यवस्था उभी राहण्याआधीच. लोकक्षोभानंतर सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे तेथे पुन्हा गुन्हा ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ च्या अहवालात वैयक्तिक सेवन गुन्हेगारी कक्षेबाहेर काढण्याची शिफारस केली आहे.

आपल्या कायद्यातही उपचारांची वाट आहे. कलम ६४-अ नुसार अल्प साठ्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी आरोपी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते; व्यसनमुक्तीच्या वाटेवर घसरणे हा आजाराचाच भाग असतो, हे कलम लिहिणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. आरोपीच्या दृष्टीने व्यवहार सरळ असतो. दंड भरला तर संध्याकाळी घरी, उपचार घेतले तर काही महिने अडकून. वाट कागदावर असूनही तिचा फारसा वापर होत नाही, त्याचे हे एक कारण.

२०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाणात बाळगणे व सेवन गुन्ह्यातून वगळून अशा व्यक्तींना उपचारांकडे पाठवावे, अशी शिफारस महसूल विभागाला केली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने एनडीपीएसमध्ये दुरुस्ती केलीही, पण वेगळ्याच कारणासाठी. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्यांच्या एका पोटकलमाचा क्रमांक बदलला होता आणि तस्करीला पैसा पुरवणाऱ्यांवरील कलम २७-अ मध्ये जुनाच क्रमांक राहिला होता. त्यामुळे सात वर्षे हे कलम तांत्रिकदृष्ट्या निरर्थक होते. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही चूक दाखवल्यावर आधी अध्यादेश आणि मग कायदा करून क्रमांक दुरुस्त झाला, तोही १ मे २०१४ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. फौजदारी कायदा मागील तारखेपासून लागू करता येतो काय, असा आक्षेप संसदेत विरोधकांनी घेतला. विधेयक मंजूर झाले. सेवनाच्या शिक्षेचे कलम २७ त्यात जसेच्या तसे राहिले.